न फुटलेलं लिंबू

"कोन म्हन्तं?"

आपांचं भांडण इथून सुरू व्हायचं. बोटाभोवती फिरणारी गाडीची किल्ली थांबायची, भुवया वर जायच्या आणि समोरच्याकडून त्यांना नाव हवं असायचं. 'लोक म्हणतात' हे उत्तर त्यांना चालायचं नाही. लोकांना घर असतं, दार असतं, नाव सांग, म्हणायच्या. नाव मिळालं की थेट त्या दारात जाऊन उभ्या. असं एखादं माणूस तुमच्याही गावात असेल. आमच्या घनसावंगीला एकच होतं, आणि ते सगळ्यांना पुरून उरलं.

माझं गॅरेज फाट्यावर, कुंभार पिंपळगावच्या रस्त्याला. आपा बायकांना गाडी शिकवायच्या. घरी उर्दू, बाहेर आमच्यासारखीच मराठी, आणि रागावल्या की दोन्ही एकदम. शिकवायची गाडी पांढरी होती. तिच्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. सांगण्यासारखी होती ती लाल. टर्बो इंजिनाची, छोटी, जुनीच घेतलेली, पण शहरातून इंजिनाची ताकद वाढवून आणलेली. उभी असली की भाजी आणायची गाडी वाटावी. पाय दिला की मागचे जीपवाले आरशात शोधावे लागत.

या वयात असली गाडी कशाला, असं त्यांना एका पाहुण्याने विचारलं होतं. "मंग कोन्त्या वयात?" एवढंच त्या म्हणाल्या. पाहुण्याला चहा मात्र मिळाला नाही.

त्यांनी आपल्या पोरींना शब्द दिला होता. पोरी म्हणजे कोणीही. त्यांत एक नातवंडांची आजीसुद्धा होती. शब्द असा, की लायसन मिळालं की लाल गाडीची एक फेरी तुमची. शेजारी बसून नव्हे, स्वतः चालवून.

आता लिंबाचं सांगतो. आमच्याकडे नवी गाडी जांब समर्थला पूजेला नेतात आणि चाकाखाली लिंबू ठेवून फोडतात. आपांनी लिंबू तेच घेतलं, नियम उलटा केला. पुढच्या चाकापाशी लिंबू ठेवायचं. क्लच हळूहळू सोडत चाक लिंबाला टेकवायचं, इतकं की छत्रीच्या टोकाने ढकललं तरी लिंबू हलू नये, आणि फुटूही नये. ज्या पोरीला हे जमलं तिला क्लच कळला. जीपवाल्यांनी एकदा चिडवलं, की आपा, पूजा करून राह्यल्या का? आपा म्हणाल्या, पूजा न्हाई, परीक्षा. बसता का? एकही बसला नाही. पास झालेलं लिंबू मग माझ्या गॅरेजात काळ्या चहात पिळलं जायचं.

तर त्या लाल गाडीचा क्लच घसरायला लागला. इंजिन ओरडायचं, गाडी मात्र पळायची नाही, वर जळका वास. कंपनीच्या क्लचला ती वाढीव ताकद पेलत नव्हती. त्याहून दमदार क्लच बाहेरून मागवावा लागणार होता. काउंटरवर मी त्यांना दोन प्रकार समजावून सांगितले. एकात दाब थोडा जास्त आणि प्लेटवरचं अस्तर चांगल्या प्रतीचं. पेडल जरा जड, पण पकड हळूहळू येते. दुसऱ्यात अस्तराच्या जागी धातूचे तुकडे. तो शर्यतीचा. पकडला की पकडला, मधलं काही नाही. मी म्हटलं, आपा, पहिलाच घ्या. तुमच्या इंजिनाला तो बराबर पुरतो. त्यांनी मानही डोलावली होती.

तेवढ्यात समोरच्या स्टँडवरचा एक मिशाळ जीपवाला बेल्ट घ्यायला आला. ऐकलं न ऐकलं आणि म्हणाला, बरोबरच आहे, तो कडक बायकांच्या पायाला झेपायचा न्हाई.

किल्ली थांबली. या वेळी नाव विचारायची गरज नव्हती, माणूस समोरच उभा होता. आपांनी माझ्याकडे बोट केलं. "धातूचा लाव."

मी डोकं आपटलं. उपयोग शून्य. तो कडक क्लच बसला, आणि आपांनी तो चालवला हो, झोकात चालवला. गुडघा सुजला तरी चालवला. स्टँडसमोरून रोज दोनदा, काम असो नसो. त्या येताना दिसल्या की मिशाळ बॉनेटमध्ये डोकं घालायचा. खोटं कशाला सांगू, मलाही मजा आली.

मग सुनंदाची पाळी आली. सुनंदा आशाताई, आडनावाच्या जागी आईचं नाव लावणारी, आमच्या बौद्धवाड्यातली. पांढऱ्या गाडीवर तिचं लिंबू कधी फुटलं नव्हतं. लायसन घेऊन, पेढे घेऊन आली. लाल गाडीत बसली, क्लच सोडायला गेली, गाडीने गचका दिला आणि बंद पडली. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा गाडी उडाली आणि लिंबाचा चेंदामेंदा. मागे उभ्या असलेल्या दोघींनी करून पाहिलं, तीच गत. स्टँडवर हसण्याची लाट उठली. सुनंदा खाली उतरली, किल्ली आपांच्या हातात दिली.

"आपा, ही गाडी आमच्यासाठी न्हाई."

"कोन म्हन्तं?"

"मीच म्हन्ते, आपा."

नाव मिळालं होतं. पण आता आपा कोणाच्या दारात जाऊन उभ्या राहणार? पेढे काउंटरवर तसेच राहिले.

दुसऱ्या दिवशी मी शटर उघडायच्या आत आपा दारात. म्हणाल्या, काढ तो, पहिला लाव. मी म्हटलं, स्टँडवाले दात काढतील, झेपला न्हाई म्हणून गावभर सांगतील. मनातून मलाच ते हसणं नको होतं.

"सांगू दे," आपा म्हणाल्या. "पोरींसाठी गाडी घेतली आन् क्लच बसवला त्या मिशावाल्यासाठी. अशी अक्कल माझी."

पहिला क्लच बसला तशी गाडी घेऊन त्या आधी स्टँडवरच गेल्या. काच खाली केली आणि स्वतःच सांगितलं, की कडक क्लच काढला, हसायचं त्यांनी आत्ता हसून घ्या, मंग मला टाइम न्हाई. कोणी हसलं नाही. ज्याची चेष्टा करायची तोच आधी सांगून मोकळा झाला, की चेष्टेत काही राहत नाही.

त्या दुपारी सुनंदाचं लिंबू फुटलं नाही. ती गाडी घेऊन पिंपळगावपर्यंत गेली. चढावर पूर्ण ताकद दिली तरी क्लच घसरला नाही. परत आली तेव्हा तिचा आवाज बसला होता, एवढी ओरडत गेली होती म्हणे. आपांनी लिंबू चहात पिळलं आणि पहिला घोट तिला दिला.

मागच्या हिवाळ्यात आपा गेल्या. चार दिवसांच्या तापाचं निमित्त. अजून माझं मन ते मानत नाही. लाल गाडी माझ्याच शेडमध्ये होती. चाळिसाव्या दिवसाचा विधी झाल्यावर त्यांचे भाऊ आले, परभणीचे, सज्जन माणूस. गाडीवरून हात फिरवत म्हणाले, परभणीला नेऊन विकून टाकावी म्हणतो. सुनंदा आणि दोन पोरी तिथेच होत्या, रोजच्यासारख्या. भाऊ अगदी प्रेमाने म्हणाले, "आता ही कोण चालवणार? बायकांचं काम नाही म्हणतात हे."

"कोन म्हन्तं?"

तिघी एकदम बोलल्या. आणि चौथा आवाज माझा होता.

भाऊ दचकले. मग डोळे पुसून म्हणाले, आमच्या घरात लहानपणापासून तिचं हेच ऐकलंय.

सुनंदाने माझ्या खिडकीतलं लिंबू उचललं, चाकापाशी ठेवलं आणि गाडीत बसली. चाक आलं, टेकलं, थांबलं. मी भावांच्या हातात छत्री दिली. त्यांनी लिंबू ढकलून पाहिलं. हललं नाही. इंजिन घुमत होतं.

भाऊ परभणीला एसटीने गेले.