पडद्यावरचा बाप मी नव्हे

‘पोरगी शिकायला पुण्याला निघाली, तसे गुरुजी धोतराचा सोगा धरून यष्टीमागं पळत सुटले. ड्रायव्हरला दया आली म्हणून त्यानं गाडी थांबवली.’

काष्टीतला माझा शेजारी भानुदास ही हकिकत आजवर गावभर सांगत आला. आता त्याच्या नातवाने तिचा विनोदी चित्रपट केला आहे. परवा माझी मुलगी कुंदा मला तो पाहायला घेऊन गेली. पडद्यावरचा विधुर बाप म्हशीच्या शेपटीवर वेणी घालायला शिकतो आणि शेवटी एक चप्पल गमावून बसमागे धावतो. प्रेक्षक पोट धरून हसत होते. कुंदा हसता हसता डोळे पुसत होती. बाहेर पडताना म्हणाली, “अगदी असेच आला होतात, अण्णा, माझ्यामागे पळत.”

त्या बसमध्ये बसलेली माझी मुलगीही भानुदासचेच खरे मानते, हे मला त्या क्षणी कळले. म्हणून हा खुलासा. गावात राहिलेल्यांसाठी आणि गाव सोडलेल्यांसाठीही.

प्रथम म्हैस. आमच्याकडे म्हैस नव्हती. कुंदाची आई गेली तेव्हा कुंदा शाळेतही जात नव्हती. वेणी मी दर्भावर शिकलो. पूजेसाठी ज्या बोटांनी दर्भाची पवित्रके वळत होतो, त्याच बोटांनी ओल्या दर्भाचे तीन पेड घालून सराव केला. पुढे शाळेतल्या बाई कुंदाला विचारीत, “कुणी गं घातली एवढी घट्ट?” तेव्हा कोणी हसले नव्हते.

आता निघण्याचा दिवस. बाजाराचा वार होता. शेळ्या-मेंढ्यांच्या गर्दीत बस स्टँडवरच अडकली होती. मी खिडकीशी उभा राहून “पोचल्यावर पत्र टाक” एवढेच म्हणालो. त्या सकाळी कुंदाने वेणी स्वतः घातली होती. ती उत्तम जमली होती. खिडकीतून ती वेणी पाहिली आणि मला तिथे उभे राहवेना.

पावले घराकडे वळली होती. उसात केव्हा शिरली, मला सांगता येत नाही. दोन्हीकडे डोक्यावरून वाढलेला ऊस, मधून जेमतेम पायवाट, आणि पाण्याच्या तळाशी असावा तसा हिरवा उजेड. आवाज नाही, आभाळ नाही. आजही दुपारी सोसायटीच्या बाल्कनीत डोळा लागला की मी त्याच उजेडात असतो; लिफ्टचे दार वाजते आणि उसाची पाने सळसळतात. बांधावरून भानुदास ओरडला, “गुरुजी, दमानं. यष्टी काय पळून जात न्हाई.”

बसमध्ये कुंदाने विचारले, “अण्णा, तुम्ही इथे कसे?”

“पुण्यात काम आहे.”

“कसलं?”

“ते पुण्यात गेल्यावर कळेल.”

ती खिडकीकडे सरकली आणि मला जागा करून दिली. पुण्यात तिच्या वसतिगृहाजवळ मी खोली घेतली. वास्तुशांती, सत्यनारायण, मुंजी करीत राहिलो, आणि परत गेलो नाही. गावाकडचे विचारतात, “गुरुजी, घराची आठवण येत न्हाई व्हय?” येते. पण घर म्हटले की मला कौले दिसत नाहीत. तिने सरकून मोकळी केलेली ती हातभर जागा दिसते.

मी धावलो, हे मी नाकारत नाही. धोतरात नीट धावता येते, हेही नोंदवून ठेवतो. परंतु उसातली ती वाट पुढच्या फाट्यावर निघते. मी तिथे पोचलो, श्वास सावरला, सोगा नीट खोचला आणि इतर उतारूंसारखा हात दाखवला. दयेचा प्रश्नच नव्हता. मी धावत होतो तेव्हा बस माझ्या मागे होती.