वॉकरपुरती वाट

गुडघ्याचं ऑपरेशन करून सासूबाई घरी आल्या आणि पहिल्याच दिवशी त्यांचा वॉकर आमच्या पॅसेजमध्ये अडकला. खोलीपासून बाथरूमपर्यंतची ती चार पावलांची वाट. पण भिंतीला लागून जुन्या कूलरचा टप, त्यावर गाद्या, आणि पुढे पोत्यांत भरलेली लग्नाकार्यांतली स्टीलची भांडी. शेवटी नवऱ्याने आईला अर्धवट उचलूनच नेलं.

जन्मात कोणाचा आधार न घेतलेली बाई! त्यांनी त्यावर उपाय शोधला: पाणी पिणंच कमी केलं. अकोल्याचा मे महिना, आणि या दिवसभर घोटा-दोन घोटांवर. ओठ फुटले, लघवीला जळजळ सुरू झाली. मी ओरडले तर म्हणाल्या, "मले तहानच नाही लागत." माझ्याकडे बघत मात्र नव्हत्या. मला त्यांचा संताप आला आणि रडूही आलं.

आपण नीट लावलं की सगळं मावतं, अशी माझी माहेरची, अमरावतीची शिकवण. मी लोखंडी रॅक आणले, झाकणाचे डबे आणले आणि अख्खा रविवार घाम गाळला. पाण्याचे गुंड एका ओळीत, गंज-पातेली एका ओळीत, ताटं एका ओळीत, डब्यांवर चिठ्ठ्यासुद्धा. दिसतही होतं देखणं. मग वॉकर आणला, तर तो आता पॅसेजमध्ये शिरेचना. उरलीसुरली जागा रॅकने खाल्ली होती. सासूबाई पलंगावर इतक्या हसल्या की त्यांचे टाके दुखले.

"दुकान तं मस्त लावलं बाई तू. गिऱ्हाईक कुठून येईन?"

"मग काढूनच टाकते सगळं," मी फणकारले.

त्यांचं हसू थांबलं. "लोकाईचं नाव हाये त्याच्यावर. नावाचं भांडं भंगारात घालते का कोनी?"

घोडं इथेच अडत होतं. आमच्याकडे आहेराच्या भांड्यावर देणाऱ्याचं नाव टोचलेलं असतं. त्यामुळे ते दुसऱ्याला देता येत नाही, मोडीत काढता येत नाही, आणि देणारा घरी आला तर काय म्हणेल म्हणून वापरून चेपवताही येत नाही. मग ते नुसतं साठत जातं.

बुद्धपौर्णिमा तोंडावर आली होती. विहारातल्या बायका सासूबाईंना बघायला आल्या. खीरदानाची भांडी यंदाही बिछायतवाल्याकडून भाड्यानेच आणायची, असं त्यांचं चाललं होतं. तेवढ्यात त्यांच्यातल्या एका म्हातारीची नजर रॅककडे गेली. तिने उठून एक गुंड ओढला आणि चष्मा लावून त्यावरचं नाव वाचलं.

"काहो बाई, हा तं म्या देलता तुमच्या पोराच्या लग्नात! अजून कोराच?"

सासूबाईंना तोंड कुठे लपवू असं झालं. "जपून ठेवला वो."

"जपाले नव्हता देला. पानी प्याले देलता."

सासूबाईंनी हात पुढे करून गुंडावरच्या नावावरून बोट फिरवलं.

"घेऊन जा," त्या एकदम म्हणाल्या. "हा बी ने, गंज बी ने, ताटं बी ने. समदं विहारात लावा. ज्यानं देलं त्याच्याच हातात जाऊ द्या पंगतीत."

मी चहासुद्धा टाकला नाही. त्यांचं मन फिरायच्या आत ऑटो बोलावला. भांडी गेली, त्यांच्यामागे माझे रॅकही गेले, चिठ्ठ्यांसकट. कूलरचा टप भंगारवाल्याने नेला, गाद्या पलंगाखाली सरकल्या. उरलं ते स्वयंपाकघरातल्या एका फळीवर बसलं. मला लावायला काही उरलंच नव्हतं, आणि माझ्या आनंदाला पारावार नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाईंनी पाणी मागितलं. ग्लास रिकामा केला आणि परत पुढे केला. थोड्या वेळाने वॉकर पुढे ओढून त्या स्वतःच उभ्या राहिल्या. मी मागे निघाले तर हाताने थांब म्हणाल्या. मोकळ्या पॅसेजमधून त्या हळूहळू, ताठ मानेने गेल्या. दार लागलं आणि आतून कडी सरकल्याचा आवाज आला. डॉक्टरांनी कडी लावू नका म्हणून बजावलं होतं! काळजीने मी दाराशी उभी राहिले, आणि तरी ती कडी ऐकून मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या.

"काहून उभी हायस तिथं?" आतून खणखणीत आवाज आला. "जाय ना तुह्या कामाले!"