जॉब कार्डवर न लिहिलेली उचकी

गिऱ्हाइकाच्या बायकोनं 'उचकी' म्हटलं आणि मी जॉब कार्डवर 'इंजिन मिसिंग' लिहिलं. माझ्या सगळ्या नोकरीतली सर्वांत मूर्ख चूक एवढीच, दोन शब्दांची. अक्षर मात्र त्या दिवशी फार सुरेख आलं होतं.

गोष्ट नव्वदच्या दशकातली. कोल्हापूरच्या उद्यमनगरात आमचं वर्कशॉप होतं. जुन्या गाड्यांना दांडगी इंजिनं बसवायची, हे आमचं मुख्य काम. मालकांना सगळे अण्णा म्हणायचे. मी तिथली एकुलती एक इंजिनिअर आणि एकुलती एक बाई. अंबाड्यात पेन्सिल खोचायची मला हौस. ड्रॉइंग करायला पेन्सिल ओढली की केस सुटायचे आणि त्यांच्याबरोबर माझा रुबाबही. पण हे मला त्या वेळी कुणी सांगितलं नाही. सांगितलं असतं तरी मी ऐकलं नसतं. मी फार हुशार होते ना.

म्हादू आणि पारूबाई हे नवराबायको शाहूवाडीकडच्या डोंगरातल्या वाड्यांवर माल पोचवायचे. तांदूळ, सिमेंट, पत्रे, पडेल ते. गाडी म्हणजे चारही चाकांना जोर देता येणारी जुनी पिकअप. म्हादू चालवायचा. पारूबाई मागं हौद्यात मालाबरोबर उभी राहायची, केबिनमागची लोखंडी दांडी दोन्ही हातांनी धरून. चढावर गाडी थांबली की उडी मारून चाकामागं दगड लावायचा, हे तिचं काम. दगडसुद्धा ठरलेला. हौद्याच्या कोपऱ्यात तो कायम असायचा.

जुनं इंजिन थकलं होतं. मी त्या गाडीला जवळजवळ दुप्पट ताकदीचं बसवलं. वर आणखी माझी कलाकुसर. खडकाळ रस्त्यावर गाडी उंच हवी, म्हणून मागचा ॲक्सल, म्हणजे मागच्या दोन चाकांना जोडणारा आडवा कणा, आणि गाडीचा भार तोलणारे स्प्रिंगचे कमान पाटे यांच्यामध्ये लोखंडी ठोकळे घातले. गाडी मागून अशी तोऱ्यात उभी राहिली, की मी तिच्याबरोबर फोटो काढून घेतला. त्या फोटोत गाडी कमी दिसते, मीच जास्त.

तीन आठवड्यांनी दोघं परत आले.

"कशी पळते गाडी?" मी म्हादूला विचारलं.

"इंजन झ्याक हाय बाई. काय तोड न्हाय."

हौद्यातून उतरता उतरता पारूबाई म्हणाली, "पळत्या ब्येस. खरं चढावर उचकी लागत्या."

आमच्याकडं 'पण'ला 'खरं' म्हणतात. बाहेरच्या माणसाला वाटतं, कोल्हापूरकर दर वाक्याला शपथ घेतात. म्हणजे बाईचं बोलणं 'खरं'च्या पुढं सुरू होत होतं. मी 'ब्येस'पाशीच थांबले.

"उचकी? मग कोणीतरी आठवण काढत असेल तिची," मी म्हटलं. फोरमन हसला. माझा विनोद त्या दिवशी वर्कशॉपभर फिरला.

"तसं न्हवं बाई, मागनं..." पारूबाई पुढं सांगत होती. मी तिच्याकडं पाठ करून म्हादूला विचारलं, "इंजिन मध्येच अडकतं का? डिझेल कुठलं भरता?"

वर्कशॉपमध्ये 'मिसिंग' म्हणजे इंजिनाचा एखादा ठोका चुकणं. इंजिनाची उचकीच म्हणा. जॉब कार्डच्या तक्रारीच्या रकान्यात मी तेच लिहिलं. डिझेल फिल्टर बदलला, लाइनमधली हवा काढली, रिकामी गाडी सपाट डांबरी रस्त्यावर पळवून आणली. उचकी नाही. "ओके" असं लिहून खाली सही केली.

निघताना पारूबाईनं एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा मागच्या चाकाकडं. आयुष्यभर बापयांच्या जगात माझं कुणी ऐकत नाही, अशी माझी कुरकुर असायची. आणि समोर उभ्या बाईचं मी ऐकलं नाही, हे माझ्या गावीही नव्हतं.

आठवड्याभरात अण्णांच्या केबिनमध्ये फोन आला. सिमेंटची पोती भरून गाडी एक खडा चढ चढत होती. खाली सुटी खडी. म्हादूनं जोर दिला, मागचं धड उड्या मारायला लागलं आणि प्रॉपेलर शाफ्टचा क्रॉस तुटला. हा शाफ्ट म्हणजे इंजिनाचा जोर मागच्या चाकांना नेणारा लांब दांडा, आणि क्रॉस म्हणजे त्याचा सांधा. तुटलेला दांडा खाली गरगर फिरला आणि त्यानं ब्रेकचा पाइप तोडला. पुढच्या चाकांचा गिअर टाकलेला नव्हता. त्या गाडीचा हँडब्रेकही त्याच दांड्याला धरून ठेवायचा. गाडी उलटी घरंगळायला लागली. मागं दरी.

पारूबाईनं दगड घेऊन उडी मारली.

गाडी थांबली. म्हादू वाचला. पारूबाईचा उजवा हात दगड आणि चाक यांच्यामध्ये राहिला होता.

दवाखान्यात ती गुंगीत होती. म्हादू बाकावर बसला होता. मला बघून तो उठला, बसायला जागा दिली. त्यानं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"चार बोटं गेली," तो म्हणाला. "अंगठा हाय." मग म्हणाला, "ह्या टायमाला उचकी थांबलीच न्हाय बगा."

गाडी ओढून वर्कशॉपला आणली. अण्णांनी फाइलमधून जॉब कार्ड काढून टेबलावर ठेवलं.

"गिऱ्हाईक काय म्हणालं हुतं?"

"उचकी लागते म्हणाली."

"आनि हितं काय लिवलंय?"

मी वाचून दाखवलं, "इंजिन मिसिंग."

"मॅडम, तुमी डाक्टर झाला असतासा तर लई माणसं मारली असतीसा," अण्णा म्हणाले, आणि कार्ड माझ्याकडं सरकवलं. "आता गाडी नीट करा. आनि ह्या डावाला मागं तुमीच हुबं ऱ्हावा."

नवा क्रॉस आणि ब्रेकचा पाइप टाकून आम्ही गाडी शेजारच्या ओतकामाच्या फाउंड्रीतल्या वाळूच्या पोत्यांनी भरली. वर्कशॉपच्या मागं खडीचा एक चढ होता, तिथं नेली. मी हौद्यात चढले आणि पारूबाईची दांडी धरली. फोरमननं जोर दिला.

थाड, थाड, थाड, थाड. दात एकमेकांवर आपटले. पेन्सिल कुठंतरी उडाली. पायाखालचा पत्रा ठराविक अंतरानं धक्के देत होता, थेट उचकीसारखा. याहून नेमका शब्द कुठल्याही इंजिनिअरला सापडला नसता. आणि पुढं बसलेल्या फोरमनला त्यातलं निम्मंही कळलं नव्हतं. म्हादूला तरी कसं कळणार?

हे का होतं, ते सांगते. चाक एका दिशेला फिरतं, तेव्हा ॲक्सल उलट्या दिशेला वळायला बघतो. त्याला धरून ठेवतात ते कमान पाटे. इंजिन दुप्पट ताकदीचं आणि पाटे जुनेच, म्हणून ते प्लास्टिकच्या फूटपट्टीसारखे पिळवटतात. चाक घसरलं की पिळलेली पट्टी सुटते, चाक जमिनीवर आपटतं, पकड घेतं, पट्टी पुन्हा पिळते. सेकंदात कितीदा तरी. आणि माझे ते तोऱ्याचे ठोकळे? त्यांनी ॲक्सलला पाट्यांपासून लांब नेलं होतं. लांब पान्यानं नट सहज फिरतो, तसे पाटे आणखी सहज पिळले जात होते. म्हणजे इंजिन मी दिलं, तरफ मी दिली आणि निदान चुकीचं तेही मीच केलं. बाहेरच्या माणसाला काही करायला मी शिल्लकच ठेवलं नव्हतं.

पहिल्यांदा ठोकळे काढले. उचकी कमी झाली, गेली नाही. मग पाट्यांच्या पुढच्या अर्ध्या भागात जाड पाटा वाढवला. आणखी थोडी कमी झाली. मग जाड पाइपचा एक दांडा करून ॲक्सलपासून चॅसीपर्यंत, म्हणजे गाडीच्या सांगाड्यापर्यंत, बसवला. याला ट्रॅक्शन बार म्हणतात; ॲक्सलला उलटं वळू द्यायचं नाही, हे त्याचं काम. घाईत मी त्याची दोन्ही टोकं आवळून टाकली, आणि गाडीचं मागचं धड खाटेसारखं ताठ झालं. खड्ड्यात पाटे हलेनात.

"आता उचकी न्हाय, लकवा हाय," फोरमन म्हणाला. या वेळी कुणी हसलं नाही.

शेवटी त्या बारचं पुढचं टोक पाळण्याच्या कडीसारखं झुलतं ठेवलं. ॲक्सल वरखाली होईल, पण वळणार नाही. त्याच चढावर, त्याच पोत्यांसकट मी अकरा वेळा मागं उभी राहिले. उचकी थांबली. तरी सही करायला हात होईना.

गाडी न्यायला दोघं आली तेव्हा पारूबाईच्या हाताला अजून पट्टी होती. मी म्हादूकडं किल्ली दिली. या वेळी मी काही सांगायच्या आधीच ती हौद्याकडं गेली.

"तुम्ही कशाला? पुढं बसा," मी म्हटलं.

"फुडं बसून कळत न्हाय," ती म्हणाली.

मी तिला वर चढायला हात दिला. म्हादूनं वाळूच्या पोत्यांसकट गाडी खडीच्या चढावर घातली. डाव्या हातानं दांडी धरून, उजवं कोपर तिच्यावर टेकवून ती उभी होती. तिचं तोंड माझ्याकडं होतं, पण नजर आत कुठंतरी, पायाखालचा पत्रा ऐकत असावी तशी. गाडी सरळ वर गेली. खाली आली.

त्या दिवसापासून आमच्या जॉब कार्डवर तक्रारीच्या रकान्यात गिऱ्हाइकाचाच शब्द लिहायचा, असा नियम झाला. कुणाची गाडी रुसायची, कुणाची कण्हायची. एकीला तर दमा झाला होता. नवी पोरं हसायची. मी तसंच लिहायला लावायचे. पण नियम करून कुणाची बोटं परत येत नाहीत, एवढं गणित मलाही येतं.

त्या दिवशी गाडी चढावरून खाली आली, तेव्हा मी हौद्याशी जाऊन उभी राहिले आणि त्या सगळ्या प्रकरणात पहिल्यांदाच तिला विचारलं, "पारूबाई, कशी आहे गाडी?"

तिनं दांडीवरचा हात सोडला. या खेपेला मी शेवटपर्यंत ऐकलं.

"उचकी गेली, बाई. खरं मला आता धरून हुबं ऱ्हायाय येत न्हाय."