गोणीची परदेशवारी

माझ्या थोरल्या भाचीला अख्खा क्लब गोणी म्हणतो. बॉक्सिंगच्या क्लबात छताला वाळूची गोणी टांगलेली असते ना, ठोसे मारायला, तीच ही. नाव वस्तादांनी ठेवलं आणि तिने हसून घेतलं. मी नाही हसले. मी तिची सख्खी मावशी, आणि त्याच क्लबात मुलींच्या हातांना पट्ट्या बांधते, फुटलेली नाकं दाबून धरते. माझ्या बहिणीच्या घरातलं रक्त माझ्याइतकं कोणी पुसलेलं नाही.

एके काळी ती स्वतः लढायची. मग तिची धाकटी बहीण मोठी झाली. तिचा डावा ठोसा पाहून वस्तादांच्या तोंडाला पाणी सुटलं आणि त्यांनी थोरलीला धाकटीच्या सरावासाठी समोर उभं केलं. नियम एकच. गोणीने हलायचं नाही, वाकायचं नाही, परत मारायचं तर हलक्या हाताने. धाकटीच्या उजव्या हाताने गोणीचा डावा कान केव्हाच कामातून गेला. उरला उजवा, आणि धाकटीचा नावाजलेला डावा ठोसा नेमका तिथे बसतो.

हा कानही गेला, तरी एखादीचं निभावलं असतं. गोणी डब्यांच्या कारखान्यात पत्रा दाबायच्या प्रेसवर काम करते. प्रेस खाली यायच्या आधी घंटा होते, ती ऐकून हात मागे घ्यायचा. शेजारच्या बाईला एकदा ऐकू आली नाही, तर तिची बोटं पत्र्याबरोबर दाबली गेली. बहिऱ्या बाईला तिथे कोणी उभं करत नाही. नवरा नसलेल्या बाईला पोट मात्र असतंच.

स्पर्धा परदेशात होती. तिथली हवा अंगवळणी पडावी म्हणून वस्ताद आम्हाला आठवडाभर आधी घेऊन गेले. सकाळी सराव, दुपारी गाव बघायचं. सकाळी गोणीचं नाक फुटायचं आणि दुपारी तीच नाकात कापूस घालून तिथल्या जुन्या किल्ल्याच्या बुरुजावर फोटो काढून घ्यायची. बुरुजावरून पूर्वी कैद्यांना खाली ढकलत, असं तिथल्या पाटीवर चित्र होतं. "मावशी, वस्तादांना वर बोलवू का?" असं म्हणून ती स्वतःच खो खो हसली.

खाण्याची तर वेगळीच तऱ्हा. धाकटीला वजन वाढवायची बंदी, म्हणून ती बर्फ चघळत बसायची. गोणीने मात्र अंगाने भारी राहायचं, म्हणजे ठोसे झेलता येतात. बंदरावरच्या खानावळीत तिने तळलेल्या माशांची दुसरी थाळी मागवली, तेव्हा धाकटीने असं पाहिलं की मीच माझी थाळी बाजूला सारली. तेवढ्यात पलीकडच्या टेबलावरच्या एका दारुड्याने धाकटीची वेणी धरून मागे ओढली. धाकटी मूठ वळून उठली. गोणीने तिचं मनगट पकडलं. "हात सांभाळ. स्पर्धेचा आहे तो." आणि आपलं कपाळ त्या माणसाच्या नाकावर असं आपटलं की कडकन आवाज झाला. तो खुर्चीसकट मागे पडला. त्याचा मित्र बाटली घेऊन आला, त्याच्या पोटात तिने गुडघा घातला. मग परत बसून तिने थाळी संपवली. पुसायला माझ्याकडे रुमाल होताच.

समुद्रात बुडी मारायची टूम वस्तादांचीच. पाण्याखाली श्वास लांबतो म्हणे. स्वतः आले नाहीत, आम्हा तिघींना पाठवलं. पण तिथे पाण्यात उतरायच्या आधी डॉक्टरीण कान बघते, हे त्यांच्या गावीही नव्हतं. धाकटीचे कान बघून तिने मान डोलावली. गोणीच्या डाव्या कानात दिवा धरला आणि डॉक्टरणीचा चेहरा उतरला. उजव्यात धरला तेव्हा ती उठून उभी राहिली. तिची भाषा आम्हाला येत नव्हती, पण तिने कागदावर कान काढला, त्यातला पडदा काढला आणि पडद्यावर पेनने एक चीर ओढली. मग मूठ वळून आपल्या कानाजवळ नेली आणि कागद टराटरा फाडला. आम्हाला कळलं. आणखी एक जोराचा ठोसा बसला की संपलं.

धाकटी एकटीच पाण्यात गेली. वर आली तेव्हा ओठ निळे पडले होते. "ताई, खाली काहीच ऐकू येत नाही गं. नुसता आपला श्वास."

"मग मला कशाला जायचंय एवढं लांब?" गोणी म्हणाली. कोणी हसलं नाही.

मी त्याच संध्याकाळी वस्तादांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "हेल्मेट घालेल की. उद्या शेवटचा सराव आहे, तो झाला की मग काय ते कानाचं बघू." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी गोणीला म्हणाले, "उद्या उतरू नकोस." ती म्हणाली, "मावशी, मी नाही उतरले तर ती कोणावर सराव करणार?"

दुसऱ्या दिवशी पहिल्या फेरीत धाकटीचे ठोसे कापसासारखे पडत होते. डावा हात कानापर्यंत जायचा आणि तिथेच विरघळायचा. वस्ताद दोरांना लोंबकळून ओरडले, "फुलं वाहतेस का बहिणीला? इतकी माया आहे तर घरी जाऊन भांडी घास!" तरी ती आवरून मारत होती. मग ते रिंगमध्ये चढले आणि सगळ्यांसमोर त्यांनी तिच्या थोबाडीत मारली. "आता मार!"

धाकटीचे डोळे फिरले. राग वस्तादांचा, पण समोर उभी होती ताई. तिने पोटात मारलं, बरगडीत मारलं, गोणीच्या तोंडातून लाळ आणि रक्त उडालं. आणि मग तो डावा हात निघाला, पूर्ण, आवर न घालता. हाताला सवय लागली की तो कोणाचं ऐकत नाही.

आणि गोणी वाकली.

इतक्या वर्षांत पहिल्यांदा वाकली. ठोसा डोक्यावरून गेला, आणि खालून तिचा उजवा हात आला. तो हलका नव्हता. धाकटीची भुवई फुटली, डोळ्यात रक्त उतरलं आणि ती गुडघ्यांवर आली. तिच्या डोक्यावर हेल्मेट नव्हतं, त्या स्पर्धेत नसतं म्हणून वस्तादांनीच काढायला लावलं होतं.

वस्ताद हात उगारून गोणीवर धावले. माझ्या हातात पाण्याची बादली होती. ती मी त्यांच्या तोंडावर मारली, पाण्यासकट. त्यांचा दात पडला. मला आजही त्याचं काडीचं वाईट वाटत नाही.

भुवईला टाके पडले. स्पर्धेच्या डॉक्टरने नुसतं पाहून नाही म्हटलं. धाकटीच्या जागी दुसऱ्याच मुलीचं नाव लागलं. धाकटी गोणीशी एक शब्द बोलली नाही. बोलली ती माझ्याशी, तिला ऐकू जाईल अशा आवाजात. "हिने माझं सगळं खाल्लं, मावशी. दोन-दोन थाळ्या पुरल्या नाहीत." गोणी मान खाली घालून ऐकत राहिली.

परतीचं विमान स्पर्धेनंतरचं होतं, म्हणून सामने बघायला जावं लागलं. धाकटी मुद्दाम गोणीच्या डाव्या बाजूला बसली, बहिऱ्या कानाकडे. उजवीकडे मी. खाली धाकटीच्या जागी आलेली मुलगी रिंगमध्ये चढली. धाकटीचे हात मांडीवर आपोआप मुठी वळत होते. गोणीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती पुसतही नव्हती.

घंटा झाली.

"झाली घंटा," गोणी हळूच स्वतःशीच म्हणाली.

"ऐकली!" धाकटी तिच्यावर फिस्कारली. "मी काय बहिरी आहे?"

म्हणाली आणि तिचं तोंड उघडंच राहिलं. खाली पहिला ठोसा बसला, लोक ओरडले, तरी ती गोणीकडेच बघत होती. मग उठली, आमच्या गुडघ्यांना धडकत पलीकडे आली आणि मला म्हणाली, "मावशी, सरक."

मी सरकले. ती आमच्या दोघींच्या मध्ये बसली, गोणीच्या उजव्या बाजूला, आणि तिच्या कानाशी तोंड नेऊन काहीतरी बोलली. लोकांच्या आरड्याओरड्यात मला शेजारी असून ऐकू आलं नाही. गोणीने मान हलवली आणि डोळे पुसले.

"काय म्हणाली गं?" मी वाकून विचारलं.

"तुला काय करायचंय?" गोणी म्हणाली. "मला ऐकू आलं."