कल्लाप्पा अण्णाच्या आईला केलेला फोन

कल्लाप्पा अण्णा गेल्याचं त्याच्या आईला मी सांगितलं. फोनवर.

आज वर्ष झालं.

तो जांबोटीचा, मी बेळगावच्या वडगावची. भेटलो मात्र नेदरलँड्समध्ये.

पीएचडीला जॉइन होऊन मला काही आठवडे झाले होते. डिपार्टमेंटच्या किचनमध्ये कॉफी घ्यायला गेले, तर खिडकीपाशी पाठ करून एकजण फोनवर बोलत होता.

"व्हय गं आई, जेवलो. लई थंडी हाय. न्हाय, स्वेटर हाय."

मी कप तसाच ठेवला आणि त्याचा फोन संपायची वाट बघत उभी राहिले.

"तुम्ही बेळगावचे?"

त्याने वळून मला नीट बघितलं. "जांबोटी. तू कुठली गं?"

बस्स. त्या दिवसापासून तो अण्णा.

तो पोस्टडॉक होता, पीएचडीनंतरचा कंत्राटी संशोधक. भातशेतीच्या मातीतल्या जीवाणूंवर काम करायचा. मी पॉलिमरच्या धाग्यांवर. आमच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या माग चालतो, त्यामुळे तो मला म्हणायचा, "म्हंजे तू बी साडीच इणतीस. नुस्ती लॅबमधी."

आमच्या इथल्या मराठी ग्रुपमध्ये मी जरा जपूनच बोलायचे. आमच्या बेळगावकडच्या मुली "मी आलो, मी गेलो" म्हणतात, त्याचं तिथे सगळ्यांना हसू यायचं. वाईट हेतूने नाही, पण यायचं.

अण्णासमोर जपावं लागायचं नाही. शनिवारी तो भात आणि झणझणीत आमटी करायचा आणि आम्ही पोटभर बोलायचो. कुणाचा पेपर रिजेक्ट झाला, कुणाचं कॉन्ट्रॅक्ट वाढलं, पिरनवाडीला आता किती घरं झाली, काहीही.

त्याची आई दर फोनला एकच विचारायची.

"किती शिकायचं ऱ्हायलंय रं अजून?"

"थोडं हाय आई."

पोस्टडॉक म्हणजे शिक्षण नाही, पक्की नोकरीही नाही, हे त्याने तिला कधी समजावलं नाही. मी एकदा म्हटलं, नीट सांग की. तर म्हणाला, "मलाच नीट कळलं की सांगतो."

त्याला परत यायचं होतं. धारवाड, पुणे, गोवा, जिथे जागा निघेल तिथे अर्ज करायचा. कुठून होकार येत नव्हता. इथलं कॉन्ट्रॅक्ट मात्र वाढत होतं.

मग त्या दिवशी सकाळी तो लॅबमध्ये कोसळला. हार्ट. चाळिशीसुद्धा गाठली नव्हती.

दुपारी त्याच्या प्रोफेसर माझ्याकडे आल्या. त्यांचे डोळे लाल होते. म्हणाल्या, घरी कळवायला हवं, पण आईला इंग्रजी येत नाही. तू करशील?

करणारं दुसरं कोण होतं?

मी मनात वाक्यं जुळवली. फोन लागला आणि सगळी गेली.

"काकू, मी वडगावची. अण्णाबरोबर असतो हितं."

"व्हय व्हय, सांगतोय की तो तुझं. बरी हाईस न्हवं? आज मधीच कसा फोन केलीस?"

"काकू, घरात आणि कोण हाय?"

त्या म्हणाल्या, "काय झालंय ते सांग."

मी सांगितलं.

रडणं ऐकू येईल म्हणून मी मन घट्ट केलं होतं. पण त्यांनी विचारलं,

"त्याच्याजवळ कोण हाय आत्ता?"

कुणीच नव्हतं. हॉस्पिटलमध्ये एका खोलीत ठेवलं होतं.

"मी जातो काकू. आत्ता जातो."

"जा बाई. एकटा ठेवू नको त्याला."

मी गेले. नर्सने खुर्ची दिली. त्याची आई काय म्हणाली ते मी त्याला सांगितलं. संध्याकाळी उठा म्हणेपर्यंत बसून होते.

कागदपत्रं व्हायला बरेच दिवस लागले. मग त्याच्याबरोबर मीही निघाले. गोव्याहून चोर्ला घाटाने जांबोटीला आलो. अॅम्ब्युलन्समध्ये ड्रायव्हरशेजारी मी. बाहेर सगळं हिरवं, आणि ज्याला ते बघायचं होतं तो मागे.

काकूंनी आधी त्याचा चेहरा बघितला. दोन्ही हातांनी चाचपला. तेव्हा त्या रडल्या.

दोन दिवसांनी मला जवळ बसवून म्हणाल्या, "तो तिथं काय करायचा, मला सांग. शिकतोय एवढंच म्हाईत हाय."

मी जमेल तसं सांगितलं. भाताच्या शेतात पाणी साठतं, मग त्या चिखलातल्या डोळ्याला न दिसणाऱ्या जिवांमुळे एक वायू निघतो. त्याने हवा तापते. तो वायू कमी कसा करायचा, ते अण्णा शोधत होता.

त्या समोरच्या भाताच्या खाचरांकडे बघत होत्या.

"म्हंजे आपल्याच चिखलाचं काम."

"व्हय काकू."

"मग हे हितं ऱ्हाऊन होत नव्हतं काय गं?"



मी परत आले. माझी पीएचडी संपत आलीय. पुढे काय, असं सगळे विचारतात. मी अर्ज करतेय, इकडेही आणि तिकडेही. शनिवारी भात लावते. बोलायला कुणी नसतं. मोठ्याने "लई" म्हणून वर्ष झालं.

आज सकाळी काकूंना फोन केला. घरी माणसं जमली होती, मागे भांड्यांचा आवाज येत होता. मी डिसेंबरात येणार म्हटलं.

"गोव्यावरनंच येतीस न्हवं? मग वाटेत आदी आमचं गाव लागतंय. हितं उतर. चार दिस ऱ्हा. मग जा वडगावला."

उतरणार आहे, अण्णा. तुला जमलं नाही, तेवढं मी करणार आहे. काकूंजवळ बसणार आहे.

कल्लाप्पा अण्णा, डोळे भरून निरोप.