समुद्राकडची सिस्टर

दुष्काळ सरल्यानंतरच्या वर्षी, मंठ्याजवळच्या आमच्या शेतात आईच्या पायात जोंधळ्याचं धसकट घुसलं. पाय चिघळला, म्हणून तिला जालन्याच्या दवाखान्यात ठेवलं. नेहमीच्या इंजेक्शनांनी ताप हटेना. पाय कापायची भाषा सुरू झाली. शेवटी डॉक्टरांनी औरंगाबादहून नवं औषध मागवलं आणि सहज बोलून गेले, की हे समुद्रातल्या बुरशीपासून निघालंय.

आई उठूनच बसली. "बुरशी आलेली भाकर म्या म्हशीलाबी टाकत न्हाई. अंगात कशी घालून घेऊ?"

वॉर्डातली सिस्टर कोकणातली होती. तिचं नाव विचारायचं मला कधी सुचलंच नाही. औषधाची पूड विरघळवताना ती बाटली दोन्ही तळव्यांत हलकेच फिरवायची, थंडीत हात चोळावेत तशी. तशीच बाटली फिरवत ती आईच्या खाटेवर टेकली.

"मावशी, मीठ खाता ना रोज? तेही आमच्या समुद्राचंच. त्यानं कधी तुमचं वाईट केलं?"

आईनं दंड पुढं केला.

त्याच पायांनी ती पुढं कितीतरी वर्षं शेतात गेली. समुद्र तिनं कधी पाहिला नाही. पण पीठ मळताना माझ्या हातून चिमूटभर मीठ सांडलं, तरी ओरडायची, "बराबर धर की! त्या पोरीच्या गावाहून आलंय ते."