कारखाना माझ्या कमरेवर

समस्त नाशिककरांना अत्यंत गांभीर्यानं कळवतो की नव्वदच्या दशकाअखेरीस अंबडमधला एक अख्खा कारखाना माझ्या कमरेवर उभा होता. ती कंबर एका सकाळी स्कूटरला किक मारताना गेली. मणक्यातली गादी सरकली म्हणून डॉक्टरांनी मला चार महिने फळीवर आडवं केलं.

दीर्घ आजारी रजेवरच्या माणसाची काही लक्षणं असतात. पहिल्या आठवड्यात तो कण्हतो. दुसऱ्या आठवड्यात बायकोला भाजी चिरायला शिकवतो. महिन्याभरात त्याची खात्री पटते की आपल्यावाचून कारखाना बंद पडणार. माझी पहिल्याच दिवशी पटली होती.

कारण माझं लेथ मशीन. जुनं, लहरी, आठवड्यातून दोनदा अडणारं. मग मी लाकडी हातोडीनं त्याच्या गिअरबॉक्सवर एका ठरावीक जागी तीन टोले घालायचो आणि ते चालू व्हायचं. जागा कोणाला दिसू नये म्हणून टोले घालताना सगळ्यांकडे पाठ करायचो. मशीन चालू असतानाही अधूनमधून घालायचो, धाक राहावा म्हणून.

शेजारच्या मशीनवरचा माझा दोस्त दर रविवारी नाशिक रोडहून मोसंबी घेऊन यायचा. मशीन कसं आहे, असं विचारलं की तो मान खाली घालून मोसंबी सोलायला लागायचा आणि मला आराम करायला सांगायचा. एका रविवारी तो गेल्यावर मी बायकोला म्हणालो, "गेलं बहुतेक. आजारी माणसाला सांगत नाहीत."

"कुशीवर वळा," ती म्हणाली, "शेक द्यायचाय."

खंडेनवमीला कारखान्यात यंत्रांची पूजा असते. कमरेला पट्टा, एका हातात काठी आणि काखेत हातोडी अशा थाटात मी रिक्षातून उतरलो. मशीनला झेंडूची माळ होती. नारळ फुटला, साहेबांनी रीतीप्रमाणे बटण दाबलं आणि मशीन घुमू लागलं. माझ्या पायगुणानंच, दुसरं काय! कृतज्ञ होऊन, या वेळी पाठ न करता, सगळ्यांदेखत मी हातोडी उगारली.

दोस्तानं पेढ्यांचं ताट तसंच टाकून माझं मनगट धरलं. चार महिने मोसंब्यांबरोबर गिळलेलं त्याच्या तोंडून निघून गेलं:

"अरे बाबा, नको मारूस! तू रजेवर गेल्यापासून एकदाही अडलं नाहीये ते!"